तुटक रेषेवरचा आर्चिबाल्ड

आमच्या जेवणाच्या टेबलावर गेल्या सप्टेंबरपासून खाकी कागद पसरलेला आहे. चांगला दीड मीटर लांब. त्यावर पेन्सिलीने डग्लस घराण्याची वंशावळ काढली आहे, खोडली आहे, पुन्हा काढली आहे. आम्ही दोघं ताटं घेऊन खिडकीपाशी बसतो. यांनी एकदाही कुरकुर केली नाही, म्हणून आधी त्यांचे आभार.

स्कॉटलंडमधल्या लॅनर्कशायरात राहायला आलो त्याच वर्षी डग्लस नावाचं गाव पाहिलं होतं, पण नुसतंच पाहिलं होतं. ओढ्याहून मोठी आणि नदीहून लहान अशी डग्लस वॉटर तिथून वाहते आणि पुढे क्लाइडला मिळते. गेलिक भाषेत ‘दुव’ म्हणजे काळं, आणि ‘ग्लास’ म्हणजे पाण्याचा प्रवाह. पाण्याचं नाव खोऱ्याला पडलं, खोऱ्याचं गावाला, गावाचं घराण्याला. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लागून आडनाव होतं, तसे हे डग्लसकर. निवृत्त झाल्यावर वेळ हाती आला, तेव्हा त्या गावच्या चर्चमध्ये पुन्हा गेले आणि तिथल्या दगडी थडग्यांमध्ये कोण कोणाचं कोण लागतं ते कळेना. म्हणून कागद आणला.

मी ३२ वर्षं जमिनीचे नकाशे काढले. नकाशात सलग रेष म्हणजे कायम हद्द आणि तुटक रेष म्हणजे न ठरलेली, वादातली किंवा उद्या बदलेल अशी. हाताला तीच सवय. छापील वंशावळींतही लग्नाच्या मुलाला सलग आणि लग्नाबाहेरच्या मुलाला तुटक रेष देतात, मीही तसंच सुरू केलं. कागदाच्या मधोमध ज्याला बसवला तो आर्चिबाल्ड डग्लस, तिसरा अर्ल, म्हणजे वरच्या दर्जाचा सरदार. लोक त्याला ‘आर्चिबाल्ड द ग्रिम’ म्हणत, म्हणजे उग्र आर्चिबाल्ड. चौदाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या दक्षिणेत त्याच्याएवढा बलाढ्य सरदार दुसरा नव्हता. आणि त्याच्या डोक्यावर येणारी रेष तुटक.

त्याच्यापर्यंत पोचायला वरून सुरुवात करते.

घराण्याने स्वतःसाठी फार जुना मूळपुरुष सांगितला आहे. आठव्या शतकात शोल्टो नावाच्या वीराने राजासाठी लढाई फिरवली. हा कोण, असं राजाने विचारल्यावर उत्तर आलं, ‘शोल्टो दू ग्लास’, म्हणजे पाहा तो काळा माणूस. ही कथा सतराव्या शतकात घराण्याच्या इतिहासात छापली गेली. ऐकायला छान आहे, पण मी तिला कागदावर जागा दिली नाही. कागदपत्रांत पहिला डग्लस भेटतो तो ११७४ ते ११९९ च्या दरम्यान. ग्लासगोचा बिशप जॉसलिन याने केल्सोच्या मठासाठी एक सनद केली, तिच्या साक्षीदारांत विल्यम डग्लस हे नाव आहे. ना लढाई, ना पराक्रम. एक माणूस कुणाच्या तरी जमिनीच्या व्यवहाराला साक्षीला उभा राहिला आणि तिथून घराणं सुरू झालं. मोजणीच्या कागदांवर साक्षीदारांच्या सह्या इतकी वर्षं पाहिल्यामुळे असेल, मला हा विल्यम शोल्टोपेक्षा कितीतरी जवळचा वाटतो.

त्याच्या मुलांपैकी थोरला आर्चिबाल्ड डग्लसलाच राहिला. दुसरा ब्राइस १२०३ साली उत्तरेकडच्या मोरेचा बिशप झाला आणि आपल्या इतर भावांना घेऊन गेला. चर्चमधल्या जागा, जमिनी, सगळं त्यांना मिळालं. उत्तरेतल्या मरी घराण्याशी यांचं नातं होतं असं मानतात, आणि दोन्ही घराण्यांच्या ढालींवर तीन तारे आहेत. पुढे आर्चिबाल्डचा मुलगा विल्यम, ज्याला लाँगलेग म्हणजे लंबुटांग म्हणत. त्याचा मुलगा पुन्हा विल्यम, त्याला म्हणत ‘ल हार्दी’, धाडसी.

या धाडसी विल्यमशी माझं काही जमलं नाही. १२९६ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने बेरिक शहराची कत्तल केली तेव्हा तिथला किल्ला विल्यमच्या ताब्यात होता. पुढच्या वर्षी इंग्लंडविरुद्धच्या वॉलेसच्या बंडात सामील होणाऱ्या पहिल्या सरदारांत तो होता, आणि लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत मेला. इथपर्यंत मान द्यावा असाच माणूस. पण त्याआधी, १२८०च्या दशकाच्या शेवटी, एलेनॉर नावाची एक इंग्रज सरदाराची विधवा आपल्या स्कॉटलंडमधल्या जमिनी पाहायला आली होती. ती ट्रॅनेंटला उतरली असताना याने तिला पळवून नेलं. मग लग्न. इतिहास लिहिणारे इथे ‘धाडसी’ हा शब्द फार सैलपणे वापरतात. तिला दोन मुलगे झाले, ह्यू आणि आर्चिबाल्ड. ही दोन नावं लक्षात ठेवा. पुढे अर्लपद घराण्यात आलं ते हिच्या पोटच्या मुलाच्या मुलाला.

विल्यमच्या पहिल्या बायकोचा, एलिझाबेथ स्ट्यूअर्टचा, मुलगा म्हणजे सर जेम्स. स्कॉटलंडमधल्या लहान मुलांनाही ठाऊक असतो तो हाच. स्कॉट त्याला ‘चांगला सर जेम्स’ म्हणत, इंग्रज ‘काळा डग्लस’. माणूस एकच, फक्त कोण भिंतीच्या आत आणि कोण बाहेर, एवढाच फरक. वडिलांच्या जमिनी एडवर्डने दुसऱ्याला देऊन टाकल्या होत्या, म्हणून पोर पॅरिसला वाढलं आणि १३०६ मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याला येऊन मिळालं. एका झावळ्यांच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या, रविवारी त्याने स्वतःच्याच गावच्या सेंट ब्राइड चर्चमध्ये प्रार्थनेला आलेल्या इंग्रज शिबंदीवर हल्ला केला. ज्या चर्चमध्ये आज त्याचं शिल्प आहे, तेच ठिकाण.

१३२९ साली ब्रूस मरणाला टेकला तेव्हा त्याने आपलं काळीज धर्मयुद्धात नेण्याचं काम जेम्सवर सोपवलं. जेम्स ते चांदीच्या डबीत घालून, गळ्यात अडकवून निघाला आणि २५ ऑगस्ट १३३० ला स्पेनमध्ये तेबाच्या किल्ल्याजवळ मारला गेला. ब्रूसचं काळीज परत येऊन मेलरोझच्या मठात पुरलं गेलं, जेम्सची हाडं डग्लसला आली, आणि तीन ताऱ्यांखाली ढालीवर तांबडं काळीज आलं. इतकी सुंदर खूण दुसऱ्या कुठल्या घराण्याच्या ढालीवर असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली वस्तू हेच कुलचिन्ह.

आता कागदावर जेम्सच्या खाली काय? एक लग्नाचा मुलगा, विल्यम. १३३३ च्या जुलैमध्ये हॅलिडन हिलच्या लढाईत तो मारला गेला, मूलबाळ नव्हतं. त्याच लढाईत त्याचा काका आर्चिबाल्ड, म्हणजे एलेनॉरचा धाकटा, जो त्या वेळी राजाच्या नावाने राज्य सांभाळत होता, तोही पडला. एका दिवसात दोन चौकोन काळे. उरला एलेनॉरचा थोरला, ह्यू. तो ग्लासगोच्या कॅथीड्रलचा पाद्री. त्याला इतिहासाने ‘मठ्ठ ह्यू’ करून ठेवलं आहे आणि हे मला सहन होत नाही, कारण या घराण्यातलं सर्वांत शहाणपणाचं काम याच माणसाने केलं. १३४२ साली त्याने सगळ्या जमिनी आपल्या पुतण्याच्या, मेलेल्या धाकट्या भावाच्या मुलाच्या, विल्यमच्या स्वाधीन केल्या आणि पुढचा वारसाक्रम दस्तात बांधून टाकला. आधी विल्यम आणि त्याचे मुलगे. ते खुंटले तर लिडिसडेलचा विल्यम डग्लस, जो लांबच्या पातीतला. आणि तीही पाती खुंटली तर आर्चिबाल्ड, ‘कै. सर जेम्स डग्लसचा मुलगा’.

हाच तो माझ्या कागदाच्या मधला आर्चिबाल्ड. त्याचं नाव पहिल्यांदा दिसतं ते इथे. वय जेमतेम १२-१४. आई कोण, ते कुठल्याच कागदात नाही. लग्नाबाहेरचा. तरीही दस्तात तो शेवटच्या ओळीत का होईना, आहे.

हा दस्त वाचला त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या तुटक रेषेकडे संशयाने पाहिलं.

यापुढच्या गोष्टीला मराठीत नेमका शब्द आहे, भाऊबंदकी. दस्तातला पहिला विल्यम फ्रान्समध्ये वाढून परत आला तेव्हा लिडिसडेलचा विल्यम मधल्या काळात बरंच काही गिळून बसलेला. हा त्याचा धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेला बापही होता. १३५३ मध्ये एट्रिकच्या जंगलात शिकारीला गेलेल्या धर्मपित्याला ह्यूच्या या पुतण्याने मारलं. १३५८ साली हाच विल्यम पहिला अर्ल ऑफ डग्लस झाला. उत्तर समुद्राच्या काठावरचा टँटॅलन किल्ला त्याचा. तांबड्या दगडाची ती भिंत आणि समोर पांढरा शुभ्र बास रॉक. तिथे मी थंडीत तासभर उभी राहिले होते.

आणि आर्चिबाल्ड? तो १३५६ मध्ये फ्रान्सच्या बाजूने प्वातिएच्या लढाईत होता आणि इंग्रजांच्या हाती सापडला. जुन्या बखरीत इथे एक प्रसंग येतो. आर्चिबाल्डच्या अंगावर उंची चिलखत होतं, म्हणजे हा मोठा सरदार, खंडणी जबर घेणार. तेव्हा त्याच्याबरोबर पकडलेल्या सर विल्यम रॅमझीने एकदम त्याच्यावर तोंड टाकलं, ‘हरामखोरा, मालकाचं चिलखत घालून मिरवतोस? काढ माझा बूट!’ आर्चिबाल्डने घाबरल्यासारखं करून बूट काढला. रॅमझीने तोच त्याच्या तोंडावर मारला आणि सांगितलं की हा माझा नोकर, रणात मेलेल्या सरदाराचं चिलखत चोरून आला आहे. इंग्रजांना पटलं. ४० शिलिंगांवर सुटका झाली. दुसऱ्या एका बखरीत लिहिलंय की आर्चिबाल्ड काळा आणि कुरूप होता, सरदारापेक्षा स्वयंपाकघरातल्या पोऱ्यासारखा दिसे. ज्याने हे लिहिलं त्याला हिणवायचं असावं. पण त्याच रूपाने त्याला वाचवलं असेल तर काय बिघडलं?

पुढची ३० वर्षं हा माणूस मिळवत गेला. वारशाने मिळण्याची आशा धरून बसणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं. १३६१ ला एडिंबरा किल्ल्याचा अधिकारी, मग पश्चिम सरहद्दीचा रक्षक. १३६२ मध्ये त्याने बॉथवेलच्या जोआना मरीशी लग्न केलं. ती विधवा होती, वारसदार होती, आणि क्लाइडच्या काठचा बॉथवेल किल्ला तिच्याबरोबर आला. १३६९ मध्ये राजा दुसऱ्या डेव्हिडने त्याला निथ आणि क्री या नद्यांच्या मधला गॅलोवे दिला. १३७२ ला त्याने क्रीच्या पलीकडचं विग्टाउन तिथल्या अर्लकडून ५०० पौंडांना चक्क विकत घेतलं. डी नदीतल्या बेटावर थ्रीव्हचा उंच मनोरा बांधला. तिथे अजूनही होडीतून जावं लागतं. किल्ल्याचं दार गाठायचं तर आधी घंटा वाजवून नावाड्याला बोलवायचं, हे मला फार आवडलं. तो मनोरा बघताना वाटतं की हे बांधणाऱ्याला आपल्या पायाखालची जमीन आपलीच आहे असं कोणाला तरी ठासून सांगायचं होतं.

ऑगस्ट १३८८ मध्ये ऑटरबर्नच्या लढाईत दुसरा अर्ल जेम्स मारला गेला. लग्नाचा मुलगा नाही. लग्नाबाहेरचे मात्र दोन: ड्रमलॅनरिगचा विल्यम आणि कॅव्हर्सचा आर्चिबाल्ड, आणि दोघांच्याही शाखा पुढे शतकानुशतकं चालल्या. त्यांच्यासाठी मी तेव्हा आणखी दोन तुटक रेषा ओढल्या होत्या.

अर्लची सख्खी बहीण इसाबेला होती. तिच्या नवऱ्याने डग्लसवर हक्क सांगितला. पण ४६ वर्षांपूर्वी मठ्ठ ह्यूने बांधलेला दस्त बाहेर काढला गेला. पहिली पाती खुंटली, लिडिसडेलची पाती आधीच खुंटलेली, तिसरं नाव आर्चिबाल्ड. एप्रिल १३८९ मध्ये पार्लमेंटने ते मान्य केलं. ज्याची आई कोण ते कोणालाच लिहावंसं वाटलं नव्हतं, तो साठीच्या घरात तिसरा अर्ल ऑफ डग्लस झाला.

इसाबेलाबद्दल इथे न लिहून चालणार नाही. तिला आईकडून मार हा प्रांत मिळाला. नवरा कैदेत मेला. १४०४ मध्ये अलेक्झांडर स्ट्यूअर्ट, राजाचा पुतण्या आणि स्वतःही लग्नाबाहेरचाच, सैन्य घेऊन तिच्या किल्ड्रमी किल्ल्यात शिरला आणि तिच्याकडून सगळं आपल्या नावावर लिहून घेतलं. महिन्याभराने त्याने किल्ल्याच्या दारात लोकांसमोर चाव्या तिच्या हातात परत दिल्या, म्हणजे आता तिने ‘स्वखुशीने’ द्यावं. तिने त्याच्याशी लग्न केलं. चाव्या हातात घेतल्यावर ती क्षणभर तरी थांबली असेल का? हा प्रसंग मी दोन रात्री मनातून काढू शकले नाही.

दुसऱ्या अर्लच्या मरणाने घराणं दोन रंगांत फुटलं. आर्चिबाल्डची शाखा ती काळी. तांबडी शाखा सुरू होते पहिल्या अर्लच्या दुसऱ्या एका मुलापासून, जॉर्जपासून. त्याची आई मार्गारेट स्ट्यूअर्ट स्वतःच्या हक्काने अँगसची काउंटेस होती, आणि अर्लच्या बायकोच्या भावाची विधवा. चर्चच्या नियमाने हे नातं निषिद्धच. पण मार्गारेटने मुलाला लपवलं नाही. ऑटरबर्ननंतर लगोलग १३८९ मध्ये तिने अँगसचं अर्लपद त्याच्या नावावर करवून घेतलं, टँटॅलन त्याच्याकडे राहील अशी तजवीज केली, आणि १३९७ मध्ये त्याचं लग्न राजा तिसऱ्या रॉबर्टच्या मुलीशी लावलं. जॉर्ज पुढे १४०२ मध्ये होमिल्डन हिलला पकडला गेला आणि कैदेतच प्लेगने मेला, वय विशीच्या आगेमागे. पण आईने पाया इतका पक्का घातला होता की शाखा टिकली. म्हणजे काळे डग्लस एका अनौरस मुलाचे वंशज आणि तांबडे डग्लसही. माझ्या कागदावर स्कॉटलंडमधल्या या दोन सर्वांत बलाढ्य शाखा तुटक रेषेला लटकत होत्या, आणि सलग रेषा एकामागून एक खुंटत होत्या.

उग्र आर्चिबाल्ड १४०० च्या नाताळच्या आदल्या दिवशी थ्रीव्हला वारला. त्याच वर्षी त्याने आपली मुलगी युवराजाला दिली होती, युवराजाचा मार्चच्या अर्लच्या मुलीशी ठरलेला संबंध मोडून. त्याचा एक लग्नाबाहेरचा मुलगाही राजाचा जावई होता. आता खालचं भराभर सांगते, कारण काळ्या शाखेला पुढे जेमतेम ५५ वर्षं मिळाली.

चौथा अर्ल, पुन्हा आर्चिबाल्ड, याला ‘टाइनमन’ म्हणत, गमावणारा. होमिल्डनला एक डोळा गमावला आणि कैद झाला, पुढच्या वर्षी श्रूझबरीला पुन्हा कैद, आणि १७ ऑगस्ट १४२४ ला फ्रान्समध्ये व्हर्नायच्या लढाईत जीव गमावला. फ्रान्सच्या राजाने त्याच्या चारच महिने आधी त्याला टूरेनचा ड्यूक केलं होतं. पाचवा १४३९ मध्ये तापाने गेला. सहावा विल्यम, वय सोळाच्या आसपास. २४ नोव्हेंबर १४४० ला त्याला आणि धाकट्या डेव्हिडला एडिंबरा किल्ल्यात जेवायला बोलावलं आणि जेवणानंतर दोघांची डोकी उडवली. राजा दुसरा जेम्स होता १० वर्षांचा. ताटात काळ्या बैलाचं डोकं आणून ठेवलं, ही भर पुढच्या काळातली. त्या भरीची काही गरज नव्हती. दोन पोरांना पानावर बोलावून मारलं, एवढं पुरे होतं.

अर्लपद गेलं त्यांच्या आजोबांच्या भावाकडे, म्हणजे आपल्या उग्र आर्चिबाल्डच्या धाकट्या मुलाकडे. हा लठ्ठ जेम्स, सातवा अर्ल. पोरांच्या मरणाचा सगळ्यात मोठा फायदा यालाच झाला, आणि तेव्हापासून लोक त्याच्याकडे बोट दाखवत आले आहेत. पण गॅलोवे त्याला मिळाला नाही. तो मारल्या गेलेल्या पोरांच्या बहिणीला, मार्गारेटला गेला.

आता या मार्गारेटला कागदावर कुठे बसवायचं, सांगा. जमीन पुन्हा एकत्र यावी म्हणून १४४४ मध्ये पोपची खास परवानगी काढून तिचं लग्न लठ्ठ जेम्सच्या थोरल्या मुलाशी, आठव्या अर्ल विल्यमशी लावलं. २२ फेब्रुवारी १४५२ ला राजाने त्याला अभय देऊन स्टर्लिंग किल्ल्यात बोलावलं आणि स्वतःच्या हाताने सुरा खुपसला, मग दरबाऱ्यांनी हात साफ केले. अंगावर २६ जखमा मोजल्या. मग पुन्हा पोपची परवानगी, आणि मार्गारेट त्याच्या भावाला, नवव्या अर्ल जेम्सला दिली गेली. हा जेम्स जुळा होता. दोघांतला आधी कोण जन्मला यावर वारसा अडला होता, म्हणून १४४७ मध्ये आईच्या आणि प्रसंगी हजर असलेल्या बायकांच्या साक्षी काढून जेम्स थोरला असं ठरवलं. एवढ्या मोठ्या घराण्याचा वारस बाळंतिणीच्या खोलीतल्या बायकांच्या शब्दावर ठरला, आणि त्यांतली कोणीही छापील वंशावळीत नाही.

१ मे १४५५ ला लँगमजवळ आर्किनहोमला काळ्या डग्लसांचा निकाल लागला. एक भाऊ रणात पडला, दुसऱ्याला पकडून मारलं. राजाच्या बाजूला तांबडे डग्लस होते. थ्रीव्ह सगळ्यात शेवटी पडला, तोही तोफेपेक्षा पैशाने. जेम्स इंग्लंडला पळाला. मार्गारेट त्याला सोडून परत आली आणि राजाच्या सावत्र भावाशी तिने तिसरं लग्न केलं. जेम्स १४८४ मध्ये पकडला गेला तेव्हा म्हातारा झाला होता. त्याला लिंडोर्सच्या मठात ठेवलं आणि १४९१ मध्ये तिथेच तो गेला. काळी रेष तिथे थांबते.

तांबडी मात्र चालत राहिली. काउंटेस मार्गारेटच्या त्या जॉर्जच्या खाली बोट सरकवत गेलं की सहावा अर्ल आर्चिबाल्ड येतो, ज्याने १५१४ मध्ये राजाची विधवा मार्गारेट ट्यूडरशी लग्न केलं. त्यांची मुलगी मार्गारेट डग्लस, तिचा मुलगा डार्न्ली, त्याचा मुलगा सहावा जेम्स. १६०३ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड ही दोन्ही तख्तं एका माणसाखाली आली, तो हा.

परवा पुन्हा डग्लसला गेले. पाऊस रिपरिपत होता, चर्चची किल्ली गावातून मागून घेतली. आत जेम्सचं शिल्प, पायावर पाय टाकून पडलेलं. जमिनीत काचेखाली शिशाच्या काळजाच्या डब्या. पलीकडे लठ्ठ जेम्स आणि त्याची बायको बिअॅट्रिस शेजारी शेजारी, आणि खाली ओळीने त्यांच्या मुलांच्या छोट्या आकृती. कोणता आठवा अर्ल, कोणते जुळे, चेहऱ्यांवरून काही कळत नाही. दगड झिजला आहे. मी बिअॅट्रिसजवळ बराच वेळ थांबले. जुळ्यांतला थोरला कोण हे तिनेच सांगितलं होतं.

घरी येऊन शाईचा पेन काढला. मार्गारेटचं नाव एकदाच लिहिलं आणि तिच्यापासून तीन नवऱ्यांकडे तीन रेषा नेल्या. आधी मी तिला प्रत्येक नवऱ्याच्या शेजारी वेगळी लिहिली होती. इसाबेला. काउंटेस मार्गारेट आणि जॉर्ज. एलेनॉर. ड्रमलॅनरिग आणि कॅव्हर्स. सगळ्या रेषा सलग केल्या, पेन्सिलीच्या तुटक खुणांवरूनच, रेषेतली एकेक मोकळी जागा भरत. मग चांगल्या सर जेम्सच्या शेजारी एक वर्तुळ काढलं. आत लिहायला नाव नाही. तिथून खाली आर्चिबाल्डपर्यंत पट्टी लावून रेष ओढली आणि शाई वाळेपर्यंत कागदाला हात लावला नाही.